पाणी चढावर जात नाही

पवनी, २८ डिसेंबर २०२४

प्रिय रुचिका,

यंदा यादी वेळेत पाठवतो आहे, तुला टोमणा मारायला जागा नको. गेल्या वर्षी माझं पत्र संक्रांत उलटल्यावर पोचलं, तर तू मला, पोस्टाला आणि आमच्या नाटक कंपनीला एकाच वाक्यात धुऊन काढलं होतंस. नाटकांचा हंगाम जोरात आहे. दिवाळीपासून एकतीस प्रयोग झाले. मी ऑक्टोपॅडवर बसून खलनायक आला की ढग गडगडवतो, नायिका रडली की घंटा वाजवतो. कालच्या प्रयोगात दोघं एकदमच आले. मी गडगडाटात घंटा वाजवली आणि लोकांनी टाळ्या दिल्या. तुझ्या त्या पुण्याच्या मासिकात असल्या संगीताला काय म्हणतात ते कळव.

चौदा वर्षं झाली आपल्या खेळाला. तू नागपूरच्या होस्टेलात होतीस, मी भंडाऱ्याच्या. तू तुझ्या बाबांच्या, आमच्या मामाजींच्या हाती लाल पेनड्राइव्ह पाठवायचीस आणि मी तो आठवडाभर रवंथ करायचो. नियम तूच केलेस: दहा अल्बम, सगळे एकाच वर्षात निघालेले, मोठ्या कंपन्यांचा एकही नाही, हाताने लिहायचं, पोस्टाने पाठवायचं आणि या विषयावर फोन करायचा नाही. बाकीचे नियम मी कुरकुरत पाळतो, पण फोनचा मला मनापासून पटतो. फोनवर तू हसून वेळ मारून नेतेस.

यादी मागच्या पानावर आहे. इथे फक्त तिघांबद्दल लिहितो. शिलाँगच्या ‘पोस्ट ऑफिस हिल’ला मी आठवा ठेवलाय. पहिला अल्बम करताना त्यांना वाजवता येत नव्हतं म्हणून तो गोड होता, आता वाजवता येतं आणि तेच दाखवत बसतात. चेन्नईची ‘सॉल्ट बस’ तिसरी. त्यांची गाणारी पाचव्या गाण्यात चुकते आणि हसते, ते हसणं त्यांनी ठेवून दिलंय. पहिला नंबर ‘स्लो फ्रीझर’ नावाच्या कॅनडातल्या एका माणसाला. त्याने अख्खा अल्बम घराच्या गॅरेजमध्ये रेकॉर्ड केला आणि मागे जुन्या फ्रिजची घरघर सगळ्या गाण्यांतून चालू आहे. आधी चीड येते, मग सवय होते. शेवटच्या गाण्याच्या मध्यात फ्रिज बंद पडतो. तेव्हा कळतं की इतका वेळ घरात कोणीतरी होतं.

माय गेल्याला साडेचार महिने झाले. तिचे फोटो दोन आहेत, आवाज एकही नाही. फोन समोर धरला की ती पदर तोंडावर ओढायची, तुला माहीत आहे. तेरवीला मी तुला त्या रेकॉर्डिंगबद्दल विचारलं होतं. बावीसच्या उन्हाळ्यात तू आली होतीस, अकरा मिनिटं तिचं बोलणं घेतलं असं तूच सांगितलं होतंस. तो फोन हरवला असंही तू म्हणालीस. तरी पुन्हा विचारतो. एखादं जुनं कार्ड, कुठे कोणाला पाठवलेलं, काही? मला अकरा मिनिटं नकोत. अर्धं मिनिट मिळालं तरी पुरे.

बाबा बरे आहेत, कान मात्र गेले.

तुझा,
मंगेश

*

पुणे, ३० डिसेंबर २०२४

प्रिय मंग्या,

तुझं पत्र वाटेत असेल किंवा तुझ्या तबल्याच्या पिशवीत असेल. तबला नाही, ऑक्टोपॅड. कळलं, रागावू नकोस.

हे घे. दहा: ग्लासगोची ‘विंटर कॅन्टीन’. गिटारी अशा वाजतात की वरच्या फळीवरून भांडी पडली वाटावं, पण भांडी सुरात पडतात. नऊ आणि आठ मी तुला चिडवायला टाकलेत, मागे पाहा. सात: कोलकात्याच्या दोन बहिणी, ‘ट्रामपंखी’. त्या एकमेकींवर चिडून गातात आणि ते खरं वाटतं. चार: नॉर्वेची एक बाई, जिने गेल्या तीन वर्षांत फक्त सव्वीस मिनिटांचं संगीत केलं. तीन: ‘पोस्ट ऑफिस हिल’. तू त्यांना खाली टाकलं असशील हे मला आत्ताच दिसतंय. वाजवता येणं हा गुन्हा नाही, मंग्या.

आणि पहिला ‘ओलावा’. आमच्या पुण्याच्याच ‘निळी टाकी’ बँडचा. ओळखीचे आहेत म्हणून नाही. गाणारी तृप्ती माझ्या खोलीवर राहते हे खरं, पण आमच्या मासिकात पाच जणांनी मत दिलं आणि पाचही जणांनी हाच वर ठेवला. सहा महिने त्यांना घासताना मी पाहिलंय. चौथं गाणं ‘हिरवं’ नीट ऐक. त्यात एका म्हातारीचा आवाज आहे. धान रोवण्याच्या वेळचं एखादं पारंपरिक गाणं असावं. शब्द धड कळत नाहीत आणि कळायची गरजही वाटत नाही. आवाज फिरत राहतो आणि खालून ढोल येतो. मी मासिकात लिहिलं, ‘मातीचा निखळ आनंद’. जरा भडक झालं, पण संपादकाला आवडलं.

तुझं मत मला हवंय. दरवर्षीसारखं नाही, खरंच हवंय.

तुझ्या बाबांना, देवाजीमामांना, नमस्कार सांग. आत्या नसताना तुमचं घर मला डोळ्यासमोर आणवत नाही, म्हणून दिवाळीत आले नाही. साकोलीपर्यंत येऊन परत गेले, हे माझ्या बाबांनी तुला सांगितलंच असेल.

तुझी,
रुचिका

*

पवनी, १३ जानेवारी २०२५

रुचिका,

नियम मोडून फोन करणार होतो. दोनदा नंबर काढला आणि ठेवून दिला. लिहिलेलं बरं.

‘ओलावा’ काल दुपारी अंगणात बसून ऐकला. पहिली तीन गाणी चांगली आहेत, त्याबद्दल पुन्हा कधी. चौथं सुरू झालं आणि मी इअरफोन काढून हातात धरून बसलो. ती म्हातारी माझी माय आहे.

तू म्हणशील भास झाला. मी आवाजांवर पोट भरणारा माणूस आहे. त्यांनी आवाज थोडा चढवलाय, मागे घुमारा दिलाय, दर चार शब्दांनी कापलाय. तरी ‘जांभळीची’ म्हणताना तिचा ‘भ’ अडकतो, तो तसाच अडकलाय. पुढचे दात पडल्यापासून अडकायचा.

ते गाणंही नाही. तुला हे माहीत नसणार, तू साकोलीला हायवेवर वाढलीस, म्हणून सांगतो. आमच्याकडे धानाच्या शेतात बांध घालून तुकडे करतात, त्या तुकड्याला बांधी म्हणतात, आणि माणसांना असतं तसं प्रत्येक बांधीला नाव असतं. आमच्या दहा होत्या. तलावाचं पाणी पहिलीत सोडायचं, ती भरली की दुसरीत, असं उतारा-उताराने दहावीपर्यंत, मग नाल्यात. जुनं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं तेव्हा दहाही गेल्या. इथे नव्या वस्तीत आल्यावर माय कधी त्यांचं नाव काढत नसे. शेवटच्या तीन वर्षांत तिला घरातली माणसं आठवेनाशी झाली आणि बांध्या आठवायला लागल्या. रोज दिवस कलला की ओट्यावर बसून ती दहा नावं ओळीने घ्यायची, पाणी सोडत असल्यासारखी. मधे कोणी बोललं तर पुन्हा तोंडाच्या, पहिल्या बांधीपासून सुरू करायची. आम्ही मधे बोलत नसू.

मी ते गाणं स्पीकरवर मोठं करून बाबांच्या कानाशी धरलं. त्यांना हल्ली भोंगाही ऐकू येत नाही. ते ऐकत राहिले आणि म्हणाले, “ही तं तुही माय होय.” मग पुन्हा लावायला सांगितलं. दुसऱ्यांदा ऐकून वैतागले. “अरे, पन पानी उलटं काहून चालून राहिलं? नाल्याची पयले, मंग मोहाची? नाल्याचं पानी मोहाच्या बांधीत कसं चढन?” तुमच्या त्या लोकांनी तालात बसवायला नावं मागेपुढे केलीत. बाबा दिवसभर तेवढ्यावरच अडून बसले. बायको गेल्याला पाच महिने झाले, तिचा आवाज पहिल्यांदा ऐकला, आणि माणूस म्हणतो पाणी उलटं चाललंय.

आता मला जे वाटतं ते असं. तुझा फोन हरवला नाही, चोरीला गेला. ज्याला मिळाला त्याने त्यातलं काढून कुठेतरी विकलं असेल आणि या ‘निळी टाकी’वाल्यांनी न विचारता उचललं. तृप्ती तुझ्या खोलीवर राहते, तिला विचार. भांडायचं असेल तर भांड, मी येऊन सोबत उभा राहतो. मला त्यांचं गाणं बंद पाडायचं नाही. मला ती अकरा मिनिटं हवीत, न कापलेली.

त्या दिवशी मी पवनीच्या बाजारात गेलो होतो. परत आलो तेव्हा तू निघून गेली होतीस आणि मायचे डोळे लाल होते. मी विचारलं तर म्हणाली, “रुचिका आली होती. तिनं मले जुन्या घरी नेऊन आनलं.” त्या एका वाक्यासाठी मी आजपर्यंत तुझे उपकार मानत आलो.

मंगेश

*

पुणे, २२ जानेवारी २०२५

प्रिय मंगेश,

तुझं पत्र वाचलं. तू किती एकटा पडला आहेस हे मला कळायला हवं होतं.

मी तृप्तीला विचारलं. ती म्हणते, ते त्यांनी लोकगीतांच्या एका संग्रहातून घेतलं, तिथे गाणाऱ्यांची नावं नसतात. त्यामुळे मूळ रेकॉर्डिंग त्यांच्याकडे असण्याचा प्रश्नच नाही. बांध्यांना नावं देणं फक्त तुमच्या गावात होतं का? तुमच्या पट्ट्यात सगळीकडे मोहाची, बेलाची असणार. त्या वयाच्या बायकांचे आवाजही सारखेच वाटतात, दात नसले की ‘भ’ सगळ्यांचाच अडकतो. मी तुला खोटं पाडत नाहीये. आपलं माणूस गेलं की जिथेतिथे त्याचा आवाज ऐकू येतो. माझी आई गेली तेव्हा मी सहा महिने बसमध्ये मागे वळून बघायचे.

आणि समज, क्षणभर समज की ती आत्याच आहे. तर ते वाईट कसं? हजारो लोक तिला ऐकतायत. जिला कधी कोणी फोटोसाठी नीट उभं केलं नाही, तिचा आवाज वर्षातल्या सगळ्यात चांगल्या अल्बममध्ये आहे. तुझ्या जागी मी असते तर मला अभिमान वाटला असता.

तू ‘सॉल्ट बस’ तिसरा ठेवलास ते आवडलं. ते हसणं मलाही आवडतं. फ्रिजवाला ऐकायला घेतलाय, अजून घरघरीपुढे गेले नाही.

काळजी घे. तुझ्या बाबांना कानाच्या डॉक्टरकडे ने, साकोलीला चांगला आहे.

तुझी,
रुचिका

*

पवनी, १० फेब्रुवारी २०२५

रुचिका,

तुझं पत्र वाचून मी गप्प बसणार होतो. ओल्या डोळ्यांनी ऐकलं म्हणून चुकलो, असं मनाला समजावलंही होतं. बाबांनाही तसंच सांगितलं. ते म्हणाले, “असन बाप्पा,” आणि तोंड फिरवून बसले.

पण गाणं फोनमध्ये असतं आणि फोन कधीही दगा देतो. माय असो की तिच्यासारखी कोणी, एखाद्या हातात धरता येण्याजोग्या वस्तूवर तो आवाज असावा असं वाटलं. ‘निळी टाकी’वाले एलपी विकतात हे दिसलं, म्हणून मागवून घेतली. माझ्याकडे ती वाजवायचं यंत्र नाही. पवनीत कोणाकडे असेल असं वाटतही नाही. काल कुरिअरवाला घेऊन आला, तेव्हा बाबांनी ताटाएवढी ती काळी चकती दोन्ही हातांनी धरली आणि विचारलं, “यात हाय का ते?” मी हो म्हटलं.

फोनवर कोणी कोणाचं नाव वाचत नाही. एलपीला मात्र आत कागद असतो. तो तू विसरलीस. त्यावर चौथ्या गाण्याखाली लिहिलंय: ‘पारंपरिक रोवणागीत. ध्वनिमुद्रण: रुचिका, बावीसचा उन्हाळा, पवनीजवळ.’

मी तो कागद पुन्हा वाचला. ‘पारंपरिक’ म्हणजे काय ते तुझ्या मासिकात तुम्ही कसं ठरवता? जे कोणाचंच नसतं ते पारंपरिक, असंच ना? तिचं नाव रुखमिणी होतं. तुझ्या बापाची सख्खी बहीण होती. तू पोटातल्या दुखण्याने लहानपणी दोन महिने आमच्याकडे होतीस तेव्हा पेज भरवणारी बाई पारंपरिक नव्हती.

तेरवीच्या दिवशी माझ्या शेजारी सतरंजीवर बसून, माझा हात धरून, तू फोन हरवल्याचं सांगितलंस. आता कळतं, तेव्हा गाणं तयार होतं.

मी भांडत नाही. ती अकरा मिनिटं पाठव. दुसरं काही लिहिलं नाहीस तरी चालेल.

मंगेश

*

पुणे, १९ फेब्रुवारी २०२५

मंगेश,

पाकिटात लाल पेनड्राइव्ह आहे. आपला होस्टेलचाच. कापसात गुंडाळलाय, आधी तो काढ.

फोन हरवला नव्हता. तू विचारलंस तेव्हा गाणं पुरं झालं होतं, दीड महिन्यात अल्बम येणार होता, आणि आत्या जाऊन तेरा दिवस झाले होते. मी हो म्हटलं असतं तर तुला सगळंच सांगावं लागलं असतं. ‘हरवला’ हा एक शब्द सोपा होता. बोलून गेले आणि मग मागे फिरता आलं नाही.

झालं ते असं. एका संध्याकाळी मी ते रेकॉर्डिंग तृप्तीला ऐकवलं. ती रडली आणि म्हणाली, हे मला दे. माझ्या बारा वर्षांच्या लिहिण्याने कोणी रडलं नव्हतं. मी दुसऱ्यांच्या अल्बमबद्दल लिहिते, मंगेश. दुसऱ्यांच्या याद्या करते. पहिल्यांदा एका अल्बममध्ये माझं काहीतरी असणार होतं, कागदावर माझं नाव येणार होतं. ते मला हवं होतं. इतकं हवं होतं की तुला विचारायचं मी मुद्दाम टाळलं, कारण तू नाही म्हणाला असतास.

तुला यादीत ते पाठवलं काहून, असं तू विचारशील. मला वाटलं, तू न ओळखता त्याचं कौतुक करशील. तुझ्या तोंडून चांगलं म्हणून घेतलं असतं तर मी सुटले असते.

पण एक खरं सांगते, यावर तरी विश्वास ठेव: मला ते गाणंच वाटलं होतं. ती डोलत होती, हेल काढत होती. बांधीत कधी पाय न घातलेल्या माणसाला कसं कळणार ती शेतांची नावं आहेत? तुझं जानेवारीचं पत्र येईपर्यंत मला खरंच माहीत नव्हतं. नावांचा क्रमही मी बदलला नाही. तो तृप्तीने तालासाठी बदलला.

त्या दिवसानंतर मी रेकॉर्डिंग पुन्हा पूर्ण ऐकलेलं नाही. तृप्तीला लागत होता तेवढा तुकडा कापून दिला. तू सांगशील तर गाणं काढून टाकायला लावीन. छापल्या गेलेल्या एलपी मात्र परत येणार नाहीत.

मला शिव्या दे. पण डिसेंबरात यादी पाठव. माझ्याकडे तुमच्या घराचं आता तेवढंच उरलंय.

रुचिका

*

पवनी, ४ मार्च २०२५

रुचिका,

पेनड्राइव्ह मिळाला. नाटकाच्या मोठ्या स्पीकरला लावून दुपारी बाबांना शेजारी बसवलं आणि ऐकला. पुन्हा पूर्ण ऐकलं नाही म्हणालीस, म्हणून त्यात काय आहे ते लिहितो. बारा वर्षं तू लोकांना सांगते आहेस काय ऐकावं, आज एकदा माझ्याकडून ऐक.

सुरुवातीला कोंबडी आहे आणि आमच्या हापशाचा आवाज. मग माय नावं घेते. तोंडाचीपासून नाल्याचीपर्यंत, सरळ, एका दमात. बाबा प्रत्येक नावाला मान हलवत होते. नाल्याची झाल्यावर म्हणाले, “बराबर.” तेवढं दीड मिनिट आमचं आहे.

मग तुझा आवाज येतो. “आत्या, पुन्हा म्हण ना. हापसा वाजत होता.”

ती पुन्हा म्हणते. तू म्हणतेस, “जरा जोरात.” ती जोरात म्हणते. तू म्हणतेस, “मघासारखं डोलून.” मी मोजलं नसतं, पण बाबा बोटं दुमडत होते. सात वेळा तू तिला म्हणायला लावलंस. चौथ्या वेळी ती मधेच थांबते आणि विचारते, “पानी सोडलं का वं?” तू म्हणतेस, “हो आत्या, सोडलं. आता पयल्यापासून.” पुण्याला जाऊन बारा वर्षांत तू आमची बोली विसरली नव्हतीस. कामाला आली.

पाचव्या वेळी तिचा आवाज फाटतो. ती बेलाचीवर अडकते. आणि तू, बांधीत कधी पाय न घातलेली, मागून हळूच सांगतेस, “खोलगट झाली, आता बेलाची.” क्रम तुला पाठ झाला होता, रुचिका. पाणी कुठून कुठे जातं ते तुला त्या दिवशी माहीत होतं.

आणि सहाव्याच्या आधी माय बोलते. तुझ्या पत्रातलं एक खरं, ज्यावर तरी विश्वास ठेवायचा होता, ते इथे आहे. शब्द न् शब्द लिहितो. “बाई, हे गानं नाही होय. ह्या माह्या बांध्या होत. पान्यात गेल्या. तू घडीघडी काहून बोलवून राहिली त्याईले?”

तू एक क्षण थांबतेस. मला वाटलं, आता तरी फोन बंद करशील. मग म्हणतेस, “असू दे आत्या. म्हण.”

ती म्हणते. तेच तुमच्या गाण्यात आहे, सहावं आणि सातवं. आवाज फाटलेला आहे म्हणून तृप्ती रडली असेल. मातीचा निखळ आनंद.

शेवटी ती नाक ओढते आणि तुला सांगते, “मंगेश बाजारातून येईन आता. त्याले सांगू नको मी रडली म्हनून. त्याले वाटन तू रडवली.” मग तुझा हात माईकवर घासल्याचा आवाज येतो आणि संपतं. म्हणून ती मला म्हणाली होती, रुचिकाने जुन्या घरी नेऊन आणलं. डोकं गेलेल्या बाईने तुझ्यासाठी खोटं बोलायचं तेवढं लक्षात ठेवलं.

बाबा म्हणाले, “बंद कर.” पहिलं दीड मिनिट मी वेगळं काढलंय. बाकीचं तुझ्याच पेनड्राइव्हमध्ये ठेवून परत पाठवतो आहे, या पाकिटात आहे. कापूसही तोच आहे. ते तुझं काम आहे, तुझ्याकडे असू दे. गाणं काढू नकोस. तू ते जिथे ऐकशील तिथे ऐकावंस अशी माझी इच्छा आहे. हॉटेलात, कोणाच्या गाडीत, कुठेही.

डिसेंबरची वाट पाहू नकोस. यादी आत्ताच देतो, ही शेवटची. क्रम बदलू नकोस.

एक, तोंडाची.
दोन, मोहाची.
तीन, जांभळीची.
चार, मोठी.
पाच, सासऱ्याची.
सहा, लंबी.
सात, वाकडी.
आठ, खोलगट.
नऊ, बेलाची.
दहा, नाल्याची.

तुझा कुठलाही नियम मोडलेला नाही. हाताने लिहिलंय, पोस्टाने पाठवतोय, मोठ्या कंपनीची एकही नाही. आणि दहाच्या दहा एकाच वर्षात गेलेल्या आहेत.

मंगेश